ओढणाऱ्या गाडीचे शॉकअप निवडताना

रिकाम्या गाडीत काहीच जाणवत नव्हतं. तक्रार सुरू व्हायची ती ट्रेलर जोडल्यावर, आणि तीही लगेच नाही. पहिला अर्धा-पाऊण तास गाडी बऱ्यापैकी चालायची. मग रस्त्यात लांबट उंचसखल पट्टा आला की मागचा भाग बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा आणि बॉनेट त्याच्या बरोबर उलट. स्टिअरिंग एका क्षणी जड, पुढच्या क्षणी हलकं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रस्त्याच्या लाटा साधारण पंधरा-पंधरा मीटरवर असतील तर सेकंदाला दीड-पावणेदोन धक्के बसतात, आणि भरलेल्या पिकअपची मागची बाजू जवळपास त्याच लयीत डोलते. म्हणूनच ७० वर हा झुला थांबायचा आणि ९० वर परत सुरू व्हायचा. वेग कमी ठेवणं हा फुकटचा उपाय होता आणि तो मी बरेच दिवस वापरलाही, पण डोलणारी गाडी ऐन वेळी ब्रेक दाबल्यावर कशी वागेल याची खात्री कुणी द्यायची?

गाडी म्हणजे मोठ्या मापाचा डिझेल पिकअप. पुढे कॉईल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), चारही शॉकअप स्प्रिंगपासून वेगळे बसवलेले. मागे दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर, त्यावर बहुतेक वेळा मिनी एक्स्कॅव्हेटर. ट्रेलर आणि माल मिळून ४,५०० किलो.

शॉकअप गेलेत हे आधी पक्कं करायचं होतं, कारण डोलण्याला इतरही कारणं असतात: टायरमध्ये हवा कमी-जास्त, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश सैल, पाट्याचं पान तुटलेलं, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले. हे सगळं तपासलं, ठीक निघालं. मग बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबायची ती जुनी चाचणी. छोट्या कारला ती थोडीफार लागू पडते, पण एवढ्या जड गाडीला हाताने हलवून काही कळत नाही. पाटे मुळातच इतके कडक असतात आणि पानांचं एकमेकांवरचं घर्षणच इतकं असतं, की शॉकअप पूर्ण मेलेला असला तरी मागचा भाग शहाण्यासारखा उभा राहतो.

खरी गोष्ट कळली ती लेझरच्या ठिपक्यावाल्या तापमापकाने. शॉकअपचं काम एकच आहे. स्प्रिंगमध्ये साठलेली हालचाल, तेल बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून ढकलून, उष्णतेत बदलायची. म्हणजे खराब रस्त्यावरून चालून आल्यावर शॉकअप गरम असलाच पाहिजे. जो गरम नाही त्याने काम केलेलं नाही. ट्रेलर ओढून आल्या आल्या गाडी उभी केली आणि खाली वाकून चारही नळकांड्यांवर ठिपका टाकला. पुढचे दोन्ही कोमट, एकमेकांच्या जवळपास. मागचा उजवा इतका तापलेला की हात लावायची सोय नव्हती. मागचा डावा मात्र शेजारच्या चेसिसइतकाच. त्याच्या अंगावर धूळ आणि तेलाचा जाड काळा थर बसला होता, रॉडच्या मुळापासून खालच्या बुशपर्यंत ओघळ. सीलजवळ तेलाचा हलकासा ओलावा चांगल्या शॉकअपवरही दिसतो, त्याला घाबरायचं नाही. ओघळ दिसला की खेळ संपला. आणि डाव्याचं काम उजवा एकटा करत होता म्हणून तो तसा तापला होता. अर्ध्या तासाने गाडी डोलायला का लागते तेही इथेच उलगडलं: तेल तापून पातळ होतं, त्यात गॅसचे बुडबुडे मिसळतात, आणि फेसाळलेलं तेल व्हॉल्व्हमधून काही विरोध न होता निसटतं.

एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बदलायचे हे तर ठरलेलंच असतं. पुढचेही तेवढेच जुने होते, म्हणून चारही. आता कोणते?

मिस्त्रींचं मत तयार होतं. "तुम्ही हार्ड टाका की, प्रश्न मिटला." माल ओढणाऱ्या गाडीवाल्यांपैकी बहुतेक जण हेच सांगतात. मला ते पटत नव्हतं, कारण माझी गाडी निम्मा वेळ रिकामी फिरते, आणि रिकाम्या पिकअपला मागे दगडासारखे शॉकअप घातले की खड्ड्यात चाक खाली उतरतच नाही, रस्त्याला टेकलेलं राहायच्या ऐवजी उड्या मारतं. वळणावर अशा उड्या मारणारं चाक आडवं सरकतं. पावसात तर बघायलाच नको.

मग वजनकाट्यावर गेलो. आधी नुसती गाडी, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा. मग ट्रेलर जोडून तेच. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत उपयोगी काम हेच होतं, आणि शॉकअप घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ते करतात. गाडीच्या मागच्या गोळ्यावर जोडायच्या ट्रेलरचा नाकावरचा भार, म्हणजे त्याचं पुढचं टोक गोळ्यावर जेवढं दाबतं ते वजन, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा सर्वसाधारण नियम आहे. माझ्या ट्रेलरला तो ६०० किलो निघाला. पण मागच्या अ‍ॅक्सलवर ६०० वाढले नाहीत, ८०० वाढले. गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर पावणेचार मीटर. तरफेच्या हिशोबाने ६०० ला १.२५ ने गुणून ३.७५ ने भागा: २०० किलो. तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं आणि मागच्यांवर जाऊन बसतं. पुढे १,९५० चे १,७५० झाले, मागे १,३५० चे २,१५०.

आता यातून चाकं, अ‍ॅक्सल वगैरे स्प्रिंगच्या खालचं वजन अंदाजाने वजा केलं. मागच्या स्प्रिंगवर बसलेलं वजन रिकाम्या गाडीत सुमारे १,००० किलो, भरल्यावर सुमारे १,८००. शिवाय गाडी बसली की मदतीचा खालचा पाटा टेकतो आणि स्प्रिंगचा कडकपणाही वाढतो, समजा १.६ पट. डोलणं जागच्या जागी थांबवायला जो विरोध लागतो तो वजन आणि कडकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १.८ गुणिले १.६ म्हणजे २.८८, त्याचं वर्गमूळ १.७. म्हणजे भरलेल्या गाडीच्या मागच्या शॉकअपकडून मला रिकाम्या गाडीच्या जवळजवळ पावणेदोन पट जोर हवा. पुढे काय? स्प्रिंगवरचं वजन १,६०० च्या आसपासचं १,४०० झालं, स्प्रिंग तीच. फरक सहा-सात टक्क्यांचा, कुणाला जाणवणारही नाही.

इथे माझा निर्णय जवळपास झाला. पुढे एकाच पक्क्या जोराचे, चांगल्या प्रतीचे. मागे जोर बदलता येणारे. दुकानांत चारही एकाच जातीचे, एकाच रंगाचे, सेट म्हणून विकायची पद्धत आहे आणि दिसायला ते छानच दिसतात. पण पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं दुखणं वेगळं असताना औषध एकच का, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

प्रकार मुख्यतः दोन. ट्विन ट्यूबमध्ये आतल्या नळीत पिस्टन फिरतो, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन. मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, गॅसचा दाब भरपूर असतो, त्यामुळे तेल सहजासहजी फेसाळत नाही. शिवाय तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने उष्णता लवकर निघून जाते. मर्सिडीजच्या गाड्यांवर बिलस्टाईन या जर्मन कंपनीचे असे मोनोट्यूब १९५७ पासून येऊ लागले, म्हणजे यात नवं काही नाही. मोनोट्यूबचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा. पिस्टन बाहेरच्याच नळीत फिरत असल्याने दगड लागून नळीला पोचा पडला तर पिस्टन तिथे अडकतो. ट्विन ट्यूबची बाहेरची नळी थोडी चेपली तरी आतली सुरक्षित राहते.

पुढे ४६ मिलिमीटर पिस्टनचे मोनोट्यूब घ्यायचं ठरवलं. पुढची चाकं दिशा देतात, ब्रेकचा भार घेतात, तिथे शॉकअपने तापूनही ढिलं न पडणं मला महत्त्वाचं वाटलं. शिवाय कंपन्या पिस्टनला जे व्हॉल्व्ह बसवतात त्यात एक जात अशी असते की हालचाल हळू असताना विरोध चटकन वाढतो आणि जोराचा धक्का आला की वाढ मंदावते. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं ही हळू हालचाल आणि खड्डा ही वेगवान, त्यामुळे एकाच शॉकअपने पहिली दाबून ठेवायची आणि दुसरा सोसायचा हे त्यात जमतं.

मागे जोर बदलता येणारे. यात रँचो या अमेरिकी कंपनीचे आरएस९००० एक्सएल माहितीतले, जोर बदलायचा खटका अंगावरच असलेले, नऊ पायऱ्यांचे. ट्विन ट्यूब आहेत, म्हणजे उष्णतेच्या बाबतीत थोडं मागे. तरी नळकांडं चांगलं जाड असतं आणि तेल जास्त मावतं. केबिनमधून बटणाने जोर बदलणारेही मिळतात. वायर, मोटर, आणखी बिघडायच्या जागा, ते मी सोडून दिले. बाहेर वेगळी टाकी जोडलेले शॉकअप तर आडवाटेला वेगात गाडी पळवणाऱ्यांसाठी ठीक, मला त्यांचं काही काम नव्हतं.

मधल्या काळात दोन सल्ले वारंवार आले. पहिला, भार उचलणारे शॉकअप घ्या, ज्यांच्या अंगावर स्प्रिंग चढवलेली असते किंवा ज्यांत हवा भरता येते. गाडी मागून ८५ मिलिमीटर बसत होती, त्यामुळे मोह होणं साहजिक. पण वजन पेलणं हे स्प्रिंगचं काम. शॉकअपचा वरचा कंस आणि त्याचा बोल्ट हालचाल आवरण्यापुरते बनवलेले असतात, त्यांच्यावर दिवसभर शेकडो किलो टांगून ठेवायला नाहीत. वेल्डिंगला चीर गेलेले असे कंस मी पाहिले आहेत. दुसरा सल्ला, पाट्यावर हवेच्या पिशव्या बसवा. हा मार्ग रीतसर आहे, बसलेली गाडी त्याने वर येते, हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत. मात्र पिशवी म्हणजे आणखी एक स्प्रिंग. स्प्रिंग वाढवली आणि शॉकअप मेलेलाच राहिला तर गाडी उंच होऊन डोलते, एवढाच फरक. मी वजन वाटणारा हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) आधीपासून वापरतो. त्याचे दांडे नीट ताणले की पुढच्या चाकांवर हरवलेलं वजन बरंचसं परत येतं, आणि पिशव्यांची गरज मला अजून तरी पडलेली नाही.

यानंतर मापं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि यातच सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून सविस्तर सांगतो. शॉकअपची दोन मापं महत्त्वाची: पूर्ण दाबल्यावरची लांबी आणि पूर्ण ताणल्यावरची. दोन्ही बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत. गाडी सपाट जागी उभी करून मागे हे अंतर मोजलं: ६०० मिलिमीटर. अ‍ॅक्सल आणि वरचा बंप रबर (लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) यांच्यातलं अंतर १३०. रबर दाबला जातो, त्याचे आणखी ३० धरले. म्हणजे अ‍ॅक्सल वर यायची कमाल मर्यादा १६०. शॉकअप सरळ उभा नसतो, माझ्या गाडीत तो साधारण ३० अंश कललेला आहे, त्यामुळे अ‍ॅक्सल १६० वर आला की शॉकअप सुमारे १३९ नेच आखूड होतो. ६०० वजा १३९, राहिले ४६१. शॉकअपची दाबलेली लांबी याहून कमी हवी, आणि थोडी जागा मोकळी ठेवायची म्हणून मी ४४० ची मर्यादा घातली. गाडी उंच करणाऱ्यांसाठी बनवलेला एक जोड छान वाटत होता, पण त्याची दाबलेली लांबी ४७०. मोठ्या खड्ड्यात बंप रबर टेकायच्या आधी त्याचा पिस्टनच तळाला आपटला असता, आणि मग तो एक लोखंडी दांडा. यादीत "या मॉडेलला बसतो" असं लिहिलेलं असलं तरी ते गाडीच्या कोणत्या उंचीसाठी लिहिलंय ते बघावं. भार ओढणाऱ्याची गाडी आधीच बसलेली असते, त्याला दाबलेल्या लांबीतच अडचण येते.

कलाचा आणखी एक परिणाम होतो. ३० अंश कललेल्या शॉकअपची हालचालही कमी होते आणि जोरही तिरका लागतो, दोन्ही मिळून प्रत्यक्षात त्याच्या ताकदीचे ७५ टक्केच कामी येतात. कंपनीने हा हिशोब आधीच केलेला असतो, म्हणून कंसांची जागा स्वतःच्या मनाने बदलू नये. माझ्या गाडीत मागचा एक शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे आहे. ते मुद्दामच. जोरात वेग घेताना अ‍ॅक्सल पाट्यांवर पीळ घेतो आणि उड्या मारू पाहतो, अशा उलटसुलट जोडीने ते आवरलं जातं. डाव्या-उजव्याचे भाग वेगळे असू शकतात, मागवताना ते पाहून मागवले.

बसवणं घरीच केलं. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी मागचा वरचा डावा नट हलेना. चेसिसच्या आत, हात जेमतेम शिरेल अशा जागी तो असतो. पान्याला पाईप लावून जोर दिला तेव्हा आधी कर्र असा आवाज आला, मला वाटलं बोल्ट तुटला, पण नट सुटत होता. जुना डावा शॉकअप काढून जमिनीवर उभा धरला आणि रॉड खाली दाबला. तो आपसूक गेला, आणि गेला तिथेच राहिला. उजवा निदान सावकाश वर येत होता.

नवे मोनोट्यूब पट्टीने बांधून दाबलेल्या अवस्थेत येतात. ती पट्टी वरचं टोक बसवल्याशिवाय कापायची नाही. आतला दाब २५ बारच्या आसपास, रॉड १४ मिलिमीटरचा, म्हणजे रॉड बाहेर यायला सुमारे ३८ किलोचा रेटा देत असतो. पट्टी कापली की तो स्वतःच लांबत जातो, हात खालच्या कंसापासून दूर ठेवावा. वरच्या खिट्टीचा नट आवळताना रॉड गोल फिरतो. तो पकडीने धरायची इच्छा होते. अजिबात धरू नये. क्रोमवर एक ओरखडा पडला की प्रत्येक धक्क्याला तो ओरखडा सीलवरून घासत राहतो. टोकाला चपट्या बाजू दिलेल्या असतात, तिथे छोटा पाना लावायचा. रबराचे वॉशर फुगून लोखंडी वाटीच्या कडेपर्यंत आले की थांबायचं. मागचे ट्विन ट्यूब बसवण्याआधी उभे धरून काही वेळा पूर्ण ताणले-दाबले, आडवे पडून आतल्या नळीत शिरलेली हवा त्याने निघून जाते. आणि डोळ्यांसारख्या टोकांचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून. घोडीवर लटकत्या स्थितीत आवळले असते तर बुशचं रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहिलं असतं, आणि असं रबर लवकर फाटतं.

नवे शॉकअप घालून पहिल्यांदा तोच ट्रेलर, त्याच रस्त्यावर नेला. खटका मधल्या पाचव्या पायरीवर. पुढचा फरक लगेच कळला, ब्रेकला नाक बुडत नव्हतं. मागे लाट ओलांडल्यावर गाडी एकदा बसायची, उठायची, आणि अजून एक अर्धवट झोका घ्यायची. सातवर केलं, तो अर्धा झोकाही गेला. नऊवर करून पाहिलं तर बारीक खाचखळगे पाठीत बसू लागले आणि खडबडीत वळणावर मागची चाकं सरकल्यासारखी वाटली, म्हणून परत सातवर आलो. रिकाम्या गाडीला तीन बरे वाटतात. ट्रेलर जोडतानाच खाली वाकून खटका फिरवायचा, सेफ्टी चेन आणि लाईटची वायर लावायची तेव्हाच.

नव्या शॉकअपने जे सुधारलं नाही तेही सांगतो. पुढच्या डाव्या टायरवर वाट्या-वाट्यांसारखी झीज झाली होती, तिची घरघर तशीच राहिली, टायर बदलल्यावरच गेली. बाजूने वारा आला की ट्रेलरची शेपटी थोडी हलायची, ती हलतच राहिली. ते दुखणं शॉकअपचं नव्हतंच. एक्स्कॅव्हेटर ट्रेलरवर जरा मागे उभा राहत होता, नाकावरचा भार कमी पडत होता. तो पुढे घेऊन पुन्हा काट्यावर बघितलं, भार ६६० किलोपर्यंत गेला, हलणं बंद झालं, आणि मागचा खटका मी आठवर नेला.

काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासले, मागचा एक पाव फेरा सरकला होता. त्यानंतर दर सर्व्हिसला ठिपक्याचं तापमापक चारही नळकांड्यांवर फिरवतो. खटक्यात चिखल सुकून बसला की तो फिरत नाही, म्हणून गाडी धुताना पाण्याचा फवारा तिथे मारून तो एकापासून नऊपर्यंत पूर्ण फिरवून घ्यावा लागतो. नाहीतर ट्रेलर जोडायच्या वेळी पक्कड शोधत बसायची वेळ येते.